धीर आणि स्थिर मनासाठी जप : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जपाबद्दल जे प्रश्न मला पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. विचारणारे बहुतेक जण एकाच कारणाने जपाकडे वळलेले असतात. लवकर चिडचिड होते, धीर सुटतो, मन एका जागी थांबत नाही. म्हणून सिद्धी आणि कामनापूर्ती यांबद्दल इथे काही नाही. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा लिहिलेली नाही, तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. जपाने खरंच धीर वाढतो का?

वाढतो, पण बहुतेकांना वाटतं त्या वाटेने नाही. आपली कल्पना अशी असते की डोळे मिटले, माळ हातात घेतली की मन शांत होणार आणि ती शांतता दिवसभर पुरणार. प्रत्यक्षात चौथ्या-पाचव्या मण्याला मन पळालेलं असतं. ते लक्षात येतं, तुम्ही त्याला परत आणता. ते पुन्हा पळतं, तुम्ही पुन्हा आणता. हे परत आणणं म्हणजेच जप. गीतेच्या सहाव्या अध्यायात श्रीकृष्ण नेमकं हेच सांगतात : चंचल मन जिथे जिथे जाईल तिथून तिथून त्याला आवरून परत आणावं. मन पळूच नये अशी अट तिथे नाही.

एका माळेत वीस वेळा मन पळालं आणि वीसही वेळा स्वतःवर न चिडता तुम्ही ते परत आणलं, तर धीर धरण्याचा वीस वेळा सराव झाला. पुढे कुणी टोचून बोललं की तीच सवय कामाला येते. ऐकलेलं आणि तोंडातून बाहेर पडणारं उत्तर यांच्या मध्ये थोडी जागा सापडायला लागते.

कालिदासाने ‘कुमारसंभवा’त धीर कुणाला म्हणावं ते एका ओळीत सांगितलंय : विकाराचं कारण समोर असतानाही ज्यांचं चित्त विकार पावत नाही, तेच धीर. कारण समोर असताना, हे महत्त्वाचं. बंद खोलीत शांत राहणं त्यात मोजलेलं नाही.

२. धीरासाठी नेमका कोणता मंत्र म्हणायचा?

‘अमुक मंत्र रागावर, तमुक चिंतेवर’ अशा याद्या खूप फिरतात. त्यांच्या नादी लागू नका. ज्या देवतेचं नाव घेताना तुम्हाला आपलेपणा वाटतो, तिचा सोपा नाममंत्र घ्या.

ज्यांना ठरवता येत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. ‘श्रीराम जय राम जय जय राम’ हा तेरा अक्षरांचा मंत्र. समर्थ रामदासांनी टाकळीला याचंच पुरश्चरण (ठरवलेल्या संख्येचा विधिपूर्वक जप) केलं आणि पुढे गोंदवलेकर महाराजांनी तो घरोघरी पोचवला. त्याला स्वतःचा ठेका आहे, त्यामुळे नवख्या माणसालाही तो पटकन बसतो. ‘ॐ नमः शिवाय’ यातली न-म-शि-वा-य ही पाच अक्षरं म्हणजे पंचाक्षरी. स्थैर्य हवं असणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी : महाभारताच्या अनुशासन पर्वातल्या शिवसहस्रनामात पहिलं नाव ‘स्थिर’ आणि दुसरं ‘स्थाणु’ आहे. स्थाणु म्हणजे न हलणारा. वारकरी घरात वाढलेल्यांना ‘रामकृष्णहरी’ आधीच ओठांवर असतो. तुकोबांना त्यांचे गुरू बाबाजी यांनी स्वप्नात दिलेला मंत्र तो हाच.

माझं मत विचारलंत तर लहानपणापासून कानावर असलेला मंत्र सगळ्यात चांगला. त्याला पाठांतराचे कष्ट नाहीत आणि अडचणीच्या वेळी तोच आधी आठवतो.

३. गायत्री किंवा महामृत्युंजय म्हटला तर चालेल का?

हे दोन्ही ऋग्वेदातले मंत्र. गायत्री तिसऱ्या मंडलातला, विश्वामित्रांचा. महामृत्युंजय सातव्या मंडलातला. गायत्रीत तर ‘आमच्या बुद्धीला प्रेरणा दे’ अशीच मागणी आहे, त्यामुळे विषयाशी तो जवळचा. फक्त वैदिक मंत्राला स्वर असतात आणि ते जाणत्याकडून ऐकून शिकायचे असतात. परंपरेने गायत्रीचा अधिकार उपनयनाशी जोडलेला होता. आज स्त्रिया आणि मुंज न झालेलेही तो म्हणतात आणि मला त्यात काही गैर वाटत नाही. पण पाठ नसेल, दर ओळीला अडखळायला होत असेल, तर रोजच्या जपाला नाममंत्र बरा. जपात जीभ चालत राहायला हवी, आठवण्याचे कष्ट तिथे नकोत.

बीजमंत्र (‘ह्रीं’, ‘क्लीं’ यांसारखे एका अक्षराचे मंत्र) मात्र पुस्तकातून किंवा व्हिडिओ पाहून उचलू नका. ते दीक्षेनेच घ्यायचे (प्रश्न ४).

४. गुरूशिवाय जप करता येतो का? दीक्षा नसेल तर फळ मिळत नाही असं ऐकलंय.

नाममंत्राला दीक्षेची अट नाही. बीजमंत्र, तांत्रिक मंत्र आणि संकल्प करून केलेलं पुरश्चरण यांना मार्गदर्शक लागतो. पुरश्चरणात साधारणपणे मंत्राची जितकी अक्षरं तितके लाख जप, मग त्याच्या दशांशाने हवन आणि पुढची अंगं असतात. ती गोष्टच वेगळी. गुरू भेटले आणि त्यांनी मंत्र दिला तर तो घ्या, नाही भेटले म्हणून थांबू नका. मात्र ‘मी दिलेला मंत्र सोडलास तर वाटोळं होईल’ असं सांगून कुणी पैसे मागत असेल, तर तिथून उठा.

५. मोठ्याने म्हणायचा की मनात?

जपाचे तीन प्रकार आहेत. शेजारच्याला ऐकू येतो तो वाचिक. ओठ हलतात पण आपल्यालाच जेमतेम ऐकू येतो तो उपांशु. ओठही हलत नाहीत तो मानस. मनुस्मृतीत उपांशु शंभरपट आणि मानस हजारपट श्रेष्ठ म्हटला आहे आणि हे वाचून नवे लोक पहिल्या दिवसापासून मानस जपाला बसतात. मग दहा मिनिटांनी लक्षात येतं की मंत्र केव्हाच थांबलाय आणि आत वेगळंच काही चाललंय.

सुरुवात वाचिक जपाने करा. कान मनाला धरून ठेवतात. काही आठवड्यांनी आवाज आपोआप खाली येतो. मन फारच उधळलेलं असेल त्या दिवशी पुन्हा आवाज वाढवायचा, त्यात कमीपणा नाही. घरात आवाज करता येत नसेल तर उपांशु.

६. माळ कशी धरायची? आणि माळ नसेल तर?

माळ उजव्या हाताच्या मधल्या बोटावर घ्यायची आणि अंगठ्याने एकेक मणी आपल्याकडे ओढायचा. तर्जनी लावत नाहीत. १०८ मणी झाले की मेरूमणी, म्हणजे माळेच्या टोकाचा वेगळा मणी, येतो. तो ओलांडायचा नाही, माळ फिरवून उलट दिशेने सुरू करायची. राम, कृष्ण, विठ्ठल यांच्या जपाला तुळशीची आणि शिवाच्या जपाला रुद्राक्षाची माळ घेण्याची पद्धत आहे. पण घरात जी असेल ती चालते.

माळ नसेल तर करमाळा, म्हणजे बोटांची पेरं. अंगठा अनामिकेच्या मधल्या पेरावर ठेवा, हा एक. तिचंच खालचं पेर दोन. मग करंगळीचं खालचं, मधलं, वरचं : तीन, चार, पाच. अनामिकेचं वरचं सहा, मधल्या बोटाचं वरचं सात. मग तर्जनी वरून खाली : आठ, नऊ, दहा. मधल्या बोटाची उरलेली दोन पेरं हा मेरू, त्यांना अंगठा लावायचा नाही. डाव्या हाताने दहा-दहाचा हिशेब ठेवायचा.

आईचं ऑपरेशन चालू होतं तेव्हा मी बाहेरच्या बाकावर होते आणि जवळ माळ नव्हती. डाव्या हातात तिच्या काढून दिलेल्या बांगड्या रुमालात गुंडाळून धरल्या होत्या, त्यामुळे दहांचा हिशेब ठेवायला हातच उरला नव्हता. किती झाले ते कळलंच नाही. अंगठा करंगळीच्या खालच्या पेरावर आला की ‘तीन’, एवढंच कळत होतं. दार उघडेपर्यंत तेवढ्यावर निभावलं.

७. रोज किती जप करावा?

एक माळ. ‘श्रीराम जय राम जय जय राम’ म्हणायला सावकाश तीन सेकंद धरले तर १०८ वेळा म्हणजे ३२४ सेकंद, साडेपाच मिनिटांच्याही आत. इतका वेळ निघत नाही असं कुणालाही म्हणता येणार नाही, म्हणूनच एक माळ. उत्साहात पहिल्या दिवशी अकरा माळा करणारे महिनाभरात थांबलेले मी पुष्कळ पाहिले आहेत. योगसूत्रांत पतंजली म्हणतात की अभ्यास दीर्घकाळ, खंड न पडू देता आणि आदराने केला की तो पक्का होतो. संख्येचा तिथे उल्लेखच नाही. तीन-चार महिने एक माळ सहज झाली की मग वाढवा.

८. पहाटे उठणं जमत नाही. अंघोळीशिवाय, प्रवासात, अंथरुणात जप चालतो का?

चालतो. हरिपाठातच ज्ञानदेव सांगतात की नाम उच्चारायला काळवेळ नाही. पहाटेची वेळ चांगली, कारण तेव्हा फोन वाजत नाही आणि कुणी हाका मारत नाही. पण तुमची शांत वेळ रात्री दहाची असेल तर तीच तुमची पहाट. जागा आणि वेळ शक्यतो एकच ठेवा, म्हणजे बसल्या बसल्या मनाला कळतं की आता काय करायचंय. गाडी चालवताना मात्र माळ हातात नको आणि डोळे मिटून तल्लीनताही नको. रस्त्यावर लक्ष ठेवून नाम गुणगुणायला हरकत नाही.

९. मंत्राचा अर्थ कळायलाच हवा का?

ढोबळ अर्थ माहीत असावा. योगसूत्रांत प्रणवाच्या, म्हणजे ॐच्या, जपाबरोबर त्याच्या अर्थाची भावनाही करायला सांगितली आहे. पण प्रत्येक मण्याला व्याकरण उलगडत बसलं तर ते चिंतन होतं, जप राहत नाही. ‘नमः शिवाय’ म्हणजे शिवाला नमस्कार. एवढं कळलं तरी पुरे.

१०. उच्चार चुकला तर पाप लागतं का?

नाही. वैदिक मंत्रांत उच्चाराला फार महत्त्व आहे आणि तिथे नीट शिकूनच म्हणावं (प्रश्न ३). नाममंत्रात लहान मूल ‘लाम लाम’ म्हणालं म्हणून कुणी त्याला थांबवत नाही. चूक कळली की सुधारा आणि पुढे चला.

११. मन सारखं भटकतं. माझ्याच्याने होणार नाही असं वाटतं.

भटकणं म्हणजे अपयश नाही, ते प्रश्न १ मध्ये लिहिलं आहे. इथे फक्त उपाय सांगते. आवाज वाढवा. वेग कमी करा, घाईत म्हटलेला मंत्र मनाला सहज सुटू देतो. मण्याचा अंगठ्याला होणारा स्पर्श जाणवू द्या. एकच विचार पुन्हा पुन्हा येत असेल, बिल भरायचं राहिलंय असला, तर जपाआधी तो कागदावर लिहून ठेवा. आणि ‘शी, परत गेलं’ असं म्हणू नका. त्या ‘शी’मध्ये आणखी दहा मणी जातात.

अर्जुनानेही मनाला आवरणं वाऱ्याला आवरण्याइतकं कठीण म्हटलं आहे. श्रीकृष्णांनी ते नाकारलं नाही. कठीण आहे, पण अभ्यासाने आणि वैराग्याने जमतं, असं उत्तर दिलं.

१२. जपाला बसलं की झोप येते.

आधी पाहा की झोप पुरेशी होते का. होत नसेल तर ते शरीराचं मागणं आहे, झोपा. होत असेल तर जेवणानंतर लगेच बसू नका, पाठ ताठ ठेवा, डोळे अर्धे उघडे ठेवा, नाहीतर उभं राहून किंवा येरझाऱ्या घालत जप करा. रात्री अंथरुणात नाम घेता घेता झोप लागली तर ते चांगलंच.

१३. जप सुरू केल्यापासून चिडचिड उलट वाढली आहे. असं का?

हा प्रश्न जवळपास दर आठवड्याला येतो आणि विचारणारी व्यक्ती घाबरलेली असते. बहुधा दोनपैकी एक झालेलं असतं. पहिलं, चिडचिड तेवढीच असते, आता ती दिसायला लागलेली असते. पूर्वी ओरडून झाल्यावर तासाभराने कळायचं, आता ओरडतानाच कळतं. पुढे ओरडण्याआधी कळेल. ही प्रगतीच आहे, फक्त मधला टप्पा फार टोचतो.

दुसरं कारण जास्त घरगुती. ‘मी जपाला बसले की कुणी हाक मारायची नाही’ असा दरारा घरात तयार होतो. मग मुलाने दार वाजवलं की आतून खेकसायचं आणि पुन्हा राम राम. असं होत असेल तर त्या दिवशीची साधना दारात उभी आहे. माळ जिथे आहे तिथे मण्यावर अंगठा ठेवून थांबा, शांतपणे ‘काय रे’ विचारा, त्याचं काम करा आणि त्याच मण्यावरून पुढे चला.

जपाबरोबर जुन्या घटना उसळून येऊन रडू आवरत नसेल, झोप उडाली असेल, तर वेळ कमी करा आणि प्रश्न १६ पाहा.

१४. राग आलाच, अगदी त्या क्षणी काय करू?

एक श्वास सोडा आणि मंत्र तीनदा मनात म्हणा. जास्त नको, तेवढा वेळही समोरचा देत नाही. समोर कोणी बोलत असताना माळ काढून मोठ्याने नाम घ्यायला लागणं हे त्याला अपमानासारखं वाटतं, ते टाळा. हा तीनचा उपाय रोजची माळ असेल तरच चालतो. ऐन वेळी विहीर खणता येत नाही.

१५. माझा देवावर विश्वास नाही. तरी उपयोग होईल का?

थोडा नक्की होईल. २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास आला होता. २३ निरोगी माणसांना जपमाळेवरची लॅटिन प्रार्थना आणि ‘ॐ मणि पद्मे हूं’ हा बौद्ध मंत्र म्हणायला लावला. दोन्ही वेळा श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि रक्तदाब सावरणारी शरीराची यंत्रणा अधिक चांगला प्रतिसाद देऊ लागली. म्हणजे ठरावीक लयीत म्हटलेले शब्द श्वासाला संथ करतात. अभ्यास लहान आहे आणि त्यात धीर मोजलेला नाही, त्यामुळे त्यावरून मोठे दावे करू नयेत.

माझा स्वतःचा अनुभव असा की संकटात लय तुम्हाला सावरते, पण कुणाला तरी हाक मारतोय ही भावना त्याहून खोल नेते. ती ओढूनताणून आणता येत नाही. तुम्ही लयीपासून सुरू करा.

१६. चिंतेसाठी गोळ्या चालू आहेत. जप सुरू केला, आता त्या बंद करू का?

नाही. गोळी कमी करायची की थांबवायची हे डॉक्टर ठरवतील, अचानक बंद केल्याने त्रास वाढू शकतो. जप आणि औषध यांचं भांडण नाही. आठवडेच्या आठवडे उदास वाटत असेल, स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, तर ‘अजून चार माळा वाढवते’ हे त्यावरचं उत्तर नाही. त्याच दिवशी जवळच्या माणसाला सांगा आणि डॉक्टरांकडे जा.

१७. एक मणी चुकला असं वाटलं की मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. कधी कधी दोन-दोन तास जातात.

हे वाचून मला तुमची काळजी वाटते. मोजणी मन टिकून राहावं म्हणून असते, ती शिक्षा नाही. आजपासून माळ बाजूला ठेवा, घड्याळ लावून दहा मिनिटं जप करा आणि वेळ संपली की उठा, मधे काहीही चुकलं तरी. ‘पुन्हा नाही केलं तर घरच्यांना काहीतरी होईल’ अशी भीती येत असेल, किंवा हात धुणं, कुलूप तपासणं यांतही असंच होत असेल, तर हा भक्तीचा प्रश्न नाही. त्याला मंत्रचळ म्हणतात. त्यावर चांगले उपचार आहेत, मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. भाषेने या आजाराच्या नावातच ‘मंत्र’ ठेवलाय, यावरून ही अडचण किती जुनी आहे ते कळतं.

१८. मासिक पाळीत किंवा सुतकात जप थांबवायचा का?

नामजप थांबवायची गरज नाही. देवघर आणि पूजा यांबाबत प्रत्येक घराची रीत वेगळी असते. ती पाळायची की नाही हे तुम्ही ठरवा. माळेला हात लावायचा नसेल तर मनात करा. सुतकात तर नामाचा आधार सगळ्यात जास्त लागतो. संकल्प करून अनुष्ठान चालू असेल तर ज्यांनी ते दिलं त्यांनाच विचारा.

१९. मोबाईलवर मंत्र लावून ठेवला तर तो जप होतो का?

ते श्रवण झालं. ते चांगलंच आहे, घरातलं वातावरण निवतं. पण परत आणण्याचा सराव त्यात होत नाही. हातातला काउंटर मात्र माळेसारखा वापरायला हरकत नाही.

२०. धीर धरायचा म्हणजे सगळं सोसायचं का? घरात मारहाण होते आणि मला ‘नाम घे, शांत राहा’ असं सांगतात.

नाही. हे सांगणारे जपाचा वापर तुम्हाला गप्प बसवण्यासाठी करत आहेत. श्रीकृष्णांनी अर्जुनाला स्थिर मनाने लढायला सांगितलं, रथात मार खात बसायला नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायात धृतीचे, म्हणजे धरून ठेवण्याच्या शक्तीचे, तीन प्रकार आहेत. भय, शोक, विषाद यांना घट्ट धरून ठेवते ती तामसी धृती म्हटली आहे. म्हणजे प्रत्येक धरून ठेवणं चांगलं असतं असं शास्त्रही मानत नाही. तुम्ही नाम घ्या, मन स्थिर करा आणि त्या स्थिर मनाने विश्वासातल्या माणसाला गाठा, १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन करा किंवा पोलिसांची मदत घ्या.

२१. महिनाभर खंड पडला. आता काय?

आज एक माळ करा. राहिलेल्या तीस भरून काढायला बसू नका.

२२. माळ तुटली. हा अपशकुन आहे का?

दोरा झिजला म्हणून तुटली. रोज वापरातली माळ केव्हातरी तुटणारच. मणी ताटात गोळा करा, मोजा, एखादा कोचाखाली गेलेला असतो. पक्का दोरा घ्या, प्रत्येक मण्यानंतर गाठ मारा म्हणजे पुढच्या वेळी सगळे सांडणार नाहीत, आणि मेरूमणी शेवटी ओवा. १०८ गाठी मारायला मला एक अख्खी दुपार लागली होती. ओवताना नाम घेतलं तर त्या दिवशीची माळही होऊन जाते.